डावरीची गिटार

मी एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना सहसा उसासे टाकतात. मी टाकणार नाही. मला राग आलेला आहे, आणि तो सगळा सांगून होईपर्यंत तुम्ही जागचं हलायचं नाही.

माझा जन्म शाळेचे बाक बनवणाऱ्या कारखान्यात झाला. गिटारीचं वेड पसरलं तेव्हा मालकाने बाकांच्या लाकडातूनच आमची एक खेप काढली. पोटात तांब्याच्या तारेची वेटोळी बसवली, वरून लाल रंग मारला आणि सहा तारा ताणल्या. नुसती वाजवली तर माझा आवाज डासाएवढा. पण अँप्लिफायरला वायर जोडली की भिंतीवरच्या तसबिरी हलायच्या. माझ्या अंगाला वर दोन शिंगं आहेत, एक लांब आणि एक आखूड. खांद्यावर घ्यायचा पट्टा अडकवण्याची खुंटी लांब शिंगावर असते. हे नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मला विकत घेतलं एका देखण्या तरुणाने. दिवसा तो विमा कंपनीत कारकुनी करायचा आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात उभा राहायचा. सगळे त्याला दादा म्हणायचे, वयाने मोठे असलेलेसुद्धा. मी गळ्यात असले की तो फार छान दिसायचा. वाजवण्याच्या नावाने मात्र आनंदच होता.

त्याला एक धाकटी बहीण होती. ती सगळं डाव्या हाताने करायची, म्हणून घरात तिला डावरी म्हणत, आणि ते काही कौतुकाने नव्हे. दादा कामावर गेला की ती मला भिंतीवरून काढायची आणि चक्क उलटी धरायची. खरं तर डावखुऱ्या माणसाने तारांचा क्रम बदलून घ्यायचा असतो. पण तारा बदलल्या असत्या तर दादाला कळलं असतं. म्हणून ती तशीच शिकली, बारीक तारा वर आणि जाड तारा खाली. बाकी सगळे वरून खाली हात मारतात तेव्हा आधी जाड तार बोलते. डावरीने हात मारला की आधी बारीक तार बोलायची, आणि जाड तार मागून येऊन तिला सावरून घ्यायची. तसं मला पुन्हा कोणी वाजवलं नाही.

एकदा दादा लवकर घरी आला आणि दारातच थांबला. त्याने सगळं ऐकलं. डावरी मार खायच्या तयारीने उभी राहिली.

"परत वाजव," दादा म्हणाला.

तेव्हा तो मला चांगला माणूस वाटला. कसला चांगला! पुढच्या रेकॉर्डिंगला तो तिला घेऊन गेला. घरी सांगितलं, डबा घेऊन येतेय, मदतीला. बंद खोलीत वाजवायची ती. उभं राहून वाजवता यावं म्हणून तिने माझ्या आखूड शिंगात स्वतः भोक पाडून खुंटी बसवली. कोपराच्या धक्क्याने आवाजाचं बटण फिरायचं, म्हणून त्याची टोपीच उपटून टाकली. तिचा हात घासून घासून माझ्या एका कडेचा रंग गेला आणि लाकूड गुळगुळीत झालं. तिथली एक धून अशी गाजली की घराघरातून ऐकू यायची. तबकडीवर वादक म्हणून छापलं होतं दादाचं नाव. कार्यक्रमाला जाताना तो खुंटी काढून परत लांब शिंगावर बसवायचा, मला मिरवायचा आणि चुकायचा. तरी लोक टाळ्या वाजवायचे, कारण त्यांच्या कानात डावरी वाजत असायची.

एक दिवस तिने धीर करून विचारलं, "दादा, पुढच्या तबकडीवर माझंही टाक ना. नुसतं डावरी लिहिलंस तरी चालेल."

"वेडी आहेस का? घरातल्या घरात कसलं आलंय नाव!"

तिने मला त्याच्या हातात दिलं आणि ती पुन्हा रेकॉर्डिंगला गेली नाही. त्यानंतर दादाची एकही तबकडी निघाली नाही. लोक म्हणाले, कलावंत माणूस, मनस्वी असतात हे लोक. मनस्वी कसला डोंबलाचा! वाजवणारीच निघून गेली होती.

पुढे मी कपाटावर पडून राहिले. दादा गेला, आणि त्याच्या मुलाने मला जुन्या वाद्यांच्या दुकानदाराला विकून टाकलं. मित्रांनो, कपाटावरच्या धुळीचा मला राग नाही. धुळीने माझं काहीच पुसलं नव्हतं. या दुकानदाराने पुसलं. आखूड शिंगातलं भोक त्याने सुतार भेगा बुजवतात ती लांबी भरून बुजवलं. डावरीच्या हाताने झिजलेल्या कडेवर रंग चढवला. बटणाला नवी टोपी घातली. एवढ्यावर थांबला असता तरी मी सोसलं असतं. पण उजव्या हाताने वाजवणाऱ्याचा हात जिथे घासतो, तिथे त्याने काचपेपरने माझं चांगलं अंग खरवडून काढलं! गिऱ्हाइकाला गिटार जुनी हवी असते ना, म्हणून. मग मला दादाच्या फोटोखाली टांगलं आणि येईल त्याला सांगत सुटला, "खुद्द दादांच्या हातची आहे, साहेब." मी तारा घट्ट आवळून ऐकत राहायचे. कोणी छेडल्याशिवाय मला बोलता कुठे येतं?

मला नेलं एका चष्मेवाल्याने. त्या धुनेवर त्याचा लहानपणापासून जीव होता. आपल्या चष्म्यांच्या दुकानातल्या टेबलावर मला आडवं ठेवून तो भिंगातून इंच न् इंच बघत बसला.

"गिऱ्हाईक ताटकळलंय आणि तुम्ही हिचे डोळे तपासताय?" त्याची बायको म्हणाली.

"अगं, काहीतरी गडबड आहे. इथे घासलंय, पण खरखरीत लागतंय. इतकी वर्षं हात फिरला असता तर गुळगुळीत नको का? आणि ही दुसरी कड झिजलेली आहे, तर तिच्यावर रंग ताजा!"

मग त्याला आखूड शिंगातली लांबी सापडली. त्याने जुनी तबकडी लावली आणि तसंच वाजवून बघायला लागला. जमेना. पुन्हा लावली, पुन्हा वाजवली.

"तुमचं उलटं येतंय," बायको काचा पुसता पुसता म्हणाली. "त्यात बारीक आवाज आधी येतो."

चष्मेवाल्याने माझ्याकडे बघितलं आणि मांडीवर मला हळूच उलटी केली. बाई, तुमचे उपकार मी विसरणार नाही!

मला पिशवीत घालून तो वाद्यांच्या दुकानदाराकडे गेला तर दुकानदार म्हणाला, "कशाला उकरताय? बोभाटा झाला तर तुमच्याच गिटारीला कोणी कुत्रं विचारणार नाही." चष्मेवाला तिथून तडक दादाच्या मुलाकडे गेला.

"तुमचे वडील डावखुरे होते का हो?"

"छे! डावरी आमची आत्या. पण तिचा आणि गिटारीचा काय संबंध? ती नुसती डबा घेऊन जायची."

"आत्यांचा पत्ता द्याल?"

डावरीचं इस्त्रीचं दुकान होतं. केस पांढरे झाले होते, पण इस्त्री डाव्याच हातात होती. चष्मेवाल्याने मला पिशवीतून काढलं. तिने एकदाच पाहिलं आणि सदऱ्याची कॉलर दाबत म्हणाली, "भावाची आहे."

"वाजवली कोणी?"

तिने इस्त्री उभी करून ठेवली. "हे विचारायला इतकी वर्षं लागली होय तुम्हा लोकांना?"

चष्मेवाला भारावून गेला. "मी सगळ्यांना सांगेन, ताई. वाद्यांच्या दुकानात ही दादांच्या फोटोखाली होती, माझ्या दुकानात हिला दर्शनी भिंतीवर लावतो, वर तुमचा फोटो..."

"म्हणजे परत भिंतीवरच! आधी त्याच्या फोटोखाली, आता माझ्या फोटोखाली. वाजवायची कोणी? स्क्रू ड्रायव्हर आहे?"

त्याने खिशातून चष्म्याचा काडीएवढा स्क्रू ड्रायव्हर काढला. तिने तो परत त्याच्या खिशात घातला आणि आपल्या खणातून दणकट स्क्रू ड्रायव्हर घेतला. आखूड शिंगातली लांबी तिने कोरून काढली. मित्रांनो, ते दुखलं, आणि मला फार बरं वाटलं. खुंटी तिने जुन्या जागी पिळून बसवली, बटणाची टोपी उपटून कचऱ्यात टाकली, पट्टा खांद्यावर घेतला आणि हात मारला. दोन तारा नीट दबल्या नाहीत. वायर नव्हती, म्हणून आवाज डासाएवढाच आला. पण आधी बारीक तार बोलली.

"बोटं आखडलीत," डावरी म्हणाली. "सवयीने सुटतील. गिटार इथेच राहील."

चष्मेवाल्याने मान डोलावली. माझ्यावर त्याचा खरोखर जीव होता. जाताना त्याने रिकामी पिशवीही ठेवली, घडी करून.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं तुम्हाला सगळेच सांगतात. मी वेगळं सांगते. आमच्यावरची धूळ एखादे वेळी नाही पुसली तरी चालेल. पण जिथे आम्ही झिजलो, तिथे रंग फासू नका. ती झीज कोणाच्या हाताची आहे ते आधी विचारा, आणि ते माणूस जिवंत असेपर्यंत विचारा.

माझा राग गेला असं समजू नका. इस्त्रीच्या दुकानात रेडिओ आहे. त्यावर ती धून अजून लागते, आणि धून संपली की निवेदक मोठ्या आदराने दादाचं नाव घेतो. दर वेळी डावरी हातातली इस्त्री न थांबवता रेडिओकडे बघते आणि गिऱ्हाइकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणते, "डावरी."