आठवं घर की नववं

मंगळ रिठद गावापासून, अगदी जवळ आला तरी, साडेपाच कोटी किलोमीटर लांब असतो. पण तो भागवतच्या मंजुषाच्या आठव्या घरात आहे की नवव्या, यावरून तिचं लग्न अकरा दिवस अडलं होतं.

मुलगा कामरगावचा, विकास. मंजुषा कारंज्याला एका लॅबमध्ये रक्त तपासायची आणि विकास दर आठवड्याला साखर तपासायला तिथे जायचा. साखर कधीच वाढली नाही. घरच्यांना काय ते कळलं.

अडले ते ज्योतिषी. कामरगावच्या महाराजांच्या मते जी रास तेच घर. मंगळ आठवा, म्हणजे नवऱ्याच्या जिवावर. मुलीकडचे राजूभाऊ वाशीमचे, चलित कुंडलीवाले, म्हणजे घराची हद्द राशीनं नाही, अंशांनी मोजणारे. पत्रिकेतला लग्नबिंदू पाच अंशांवर, मंगळ सव्वीसवर. म्हणजे तो आठव्याची हद्द ओलांडून नवव्यात गेला, दोष संपला. दोघांनाही तीस-तीस वर्षांचा अनुभव होता, आणि दोघांच्याही अनुभवाला आजवर एकही अपवाद सापडला नव्हता.

विकासच्या आजी प्रयागबाई मात्र हटून बसल्या. "एक जन जरी आठवा म्हनते, तरी मी हो म्हननार नाई."

शेवटी मंजुषाच बोलली. "आमच्या लॅबमधी बाटलीवर नाव नसते, नंबर असते. तसंच करा. लग्न झालेल्या बायकायच्या पत्रिका द्या दोघायले. नवरा टिकला का नाई, येवढंच सांगा म्हना."

"शास्त्राची परीक्षा घेतं का व?" महाराज तापले.

"शास्त्राची नाई जी, पद्धतीची. शास्त्र तं दोघायचं एकच हाय ना?"

रविवारी भागवतच्या ओसरीवर बैठक बसली. आठ बायकांच्या पत्रिका, चार या घरच्या, चार त्या घरच्या. नावांवर कागदाच्या पट्ट्या. कामरगावकडच्या पट्ट्या प्रयागबाईंनी स्वतः चिकटवून आणलेल्या.

दोन तास आकडेमोड चालली. मग एक सोडून सगळ्या पट्ट्या निघाल्या. महाराजांचे सातपैकी चार बरोबर, राजूभाऊंचे तीन. नाणं उडवलं असतं तरी साधारण एवढंच जमलं असतं. चुकलेल्या पत्रिकांबद्दल दोघांचं एकच उत्तर होतं, "जन्मवेळ चुकली असन." बरोबर आलेल्यांची जन्मवेळ कोणी विचारली नाही.

उरला सहा नंबर. फक्त त्यावर दोघांचं एकमत झालं होतं. राशीनं पाहा की चलितानं, मंगळ आठव्याच्या मधोमध. दोघांचा निकाल एकच, नवरा दोन वर्षांत गेला.

"याच्यात वादच नाई," राजूभाऊ म्हणाले. महाराजांनी पहिल्यांदाच त्यांच्या हातावर सुपारी ठेवली.

प्रयागबाईंनी पट्टी काढली. "हे माही हाय."

सगळ्यांनी त्यांच्या नवऱ्याकडे, पुंजाजींकडे पाहिलं. वय एक्याऐंशी. ते पोह्यांची दुसरी प्लेट संपवत होते.

"माह्या बापानं लग्नासाठी दुसरी पत्रिका करून घेतली, गुन जुळनारी," प्रयागबाई म्हणाल्या. "खरी मी लुगड्याच्या घडीत लपवली. छप्पन वर्षं."

"जन्मवेळ..." महाराजांनी सुरुवात केली.

"वेळ बरोबर हाय. बाप रेल्वेत होता. गाडी चुके, त्याची घडी नाई."

भागवतला राहवलं नाही. "मंग आजी, तुमीच माह्या पोरीले कायले अडवलं?"

"कायले म्हन्जे? हे शिंकले तरी माह्या पोटात गोळा ये, बाप्पा. तिनं असं भेत भेत काहून जगावं?" मग त्या पदर तोंडाशी नेऊन हसायला लागल्या. "आज दोघायनं मिळून सांगतलं, पक्कं, का हे कवाचेच गेले. अन् हे तं पोहे खाऊन राह्यले!"

पुंजाजींनी प्लेट खाली ठेवली. "म्हनून मले विहिरीत पोहू देत नव्हती?"

"हो."

"मोटरसायकल?"

"हो."

"अन् तमाशाले?"

"त्याचं मंगळाशी काई नाई."

मंजुषाच्या मंगळाचं घर ठरलं नाही ते नाहीच. दोघे ज्योतिषी त्यावर अजून बोलत होते. ऐकायला कोणी उरलं नव्हतं. येत्या शुक्रवारी कुंकू लावून सोयरीक करायचं पक्कं झालं. मंजुषा आत जाऊन फोनवर कोणाला तरी सांगत होती की आता साखर तपासायची गरज नाही.

कामरगावच्या जीपमध्ये बसताना प्रयागबाईंनी पुंजाजींना दाराजवळची जागा दिली. छप्पन वर्षांत पहिल्यांदा.