मिठाच्या बर्फातली पट्टी

मी एक जुनी काळी पट्टी आहे. वीतभर लांब, वजनाला पापडाइतकी. मित्रांनो, तोंड वाकडं करू नका! विमानाच्या पंखासाठी जन्मले होते मी. आज घाटकोपरच्या बाजारात, सगुणाबाईंच्या मासळीच्या पाटाच्या डुगडुगत्या पायाखाली टेकू म्हणून पडले आहे. ते कसं झालं, ते सांगते.

माझा जन्म पवईतल्या एका लहानशा खाजगी प्रयोगशाळेत झाला. कार्बनच्या बारीक धाग्यांचं कापड थरावर थर रचायचं, त्यात चिकट राळ मुरवायची आणि भट्टीत पक्कं करायचं, अशी आमची जात. लोखंडाहून कितीतरी हलकी. पण थरांमधली राळ ठिसूळ. एकदा चीर पडली की सरसर पळते. म्हणून रुचिका राळेत एक भुकटी घालत असे. तिचा कण इतका लहान की साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसायचा नाही. हे कण नीट पसरले तर चिरेला पावलोपावली अडवतात. पण मेल्यांना एकमेकांना चिकटून बसायची भारी हौस!

रुचिका सगुणाबाईंची मुलगी. या कामात तिने जीव ओतला होता. पण तिच्या वरिष्ठ शर्मिष्ठा मॅडमनी सांगून टाकलं होतं, "या खेपेला पट्ट्या टिकल्या नाहीत, तर भुकटीचं काम बंद. विमान कंपनीला आणखी किती थांबवू?"

भुकटी राळेत फोडायला ध्वनिलहरींचा दांडा वापरतात. त्याने राळ तापते, म्हणून भांडं बर्फात ठेवावं लागतं. नेमकं त्याच दिवशी बर्फाचं यंत्र बंद! रुचिकाने आईकडून मासळीचा बर्फ डबा भरून आणला. तिचा सहकारी यज्ञेश नाक दाबून म्हणाला, "यार, विमानाला बोंबलाचा वास येणार!" सगळे हसले. त्याच राळेतून मी जन्मले.

मग आली परीक्षा. आमच्या फळीतून कापलेली एकेक पट्टी दोन टेकूंवर आडवी ठेवायची आणि यंत्राने मधोमध दाबत जायचं, मोडेपर्यंत. माझ्या बहिणी कडाड कडाड मोडल्या. साध्या राळेच्या पट्ट्यांनीही त्यांच्यापेक्षा जास्त भार सोसला होता. एकीने मात्र कमाल केली, सगळ्यांना मागे टाकलं. उरले मी एकटी.

"झकास! त्या एकीचाच आकडा दाखव ना," यज्ञेश म्हणाला. "बाकीच्या कापताना बिघडल्या म्हण. कोण बघायला येतंय?"

मला पिशवीत टाकून रुचिका थेट बाजारात आली आणि आईला सगळं सांगितलं. डोक्यावरून विमान उतरत होतं. घाटकोपरला ते रोजचंच. आवाज थांबेपर्यंत सगुणाबाई पापलेटं मांडत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्या एका पट्टीच्या भरवशावर इमानात मना बसवशील गो?"

रुचिकाचे डोळे भरले. "नाही गं आये."

"मग झालं तर." असं म्हणून त्यांनी पापलेटांवर बर्फ पसरला, आणि वर मूठभर खडे मीठ टाकलं.

रुचिका बघतच राहिली. "आये! माझ्या डब्यातपण मीठ घातलं होतंस?"

"घातलं ना! दोन मुठी जास्त. लेकीचा बर्फ पवईपर्यंत टिकाया नको?"

मिठाने बर्फ फाजील गार झाला होता. त्यामुळे राळ घट्ट झाली, लहरी नीट आत पोचल्या नाहीत आणि भुकटीच्या गुठळ्या राहिल्या. मोडलेल्या बहिणींच्या तुकड्यांत त्या दिसल्याही. रुचिकाने मॅडमपुढे सगळे आकडे ठेवले, लाज आणणारेसुद्धा. मॅडम आधी भडकल्या, मग गुठळ्यांचा फोटो बराच वेळ बघत बसल्या. "आणखी एक फळी. शेवटची," म्हणाल्या. या वेळी बर्फ बिनमिठाचा होता. त्या फळीच्या पट्ट्या एकजात टिकल्या. काम चालू राहिलं.

आणि मी? त्याच दिवशी सगुणाबाईंनी मला पाटाच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवलं, ती इथेच राहिले. माझ्यात गुठळी आहे की मीही त्या एका बहिणीसारखी कणखर आहे, देव जाणे. मोडल्याशिवाय ते कळत नाही, आणि रुचिका मला मोडत नाही. कधीकधी वाईट वाटतं. पण मित्रांनो, एक मागणं आहे. तुम्ही काही घडवाल, तेव्हा त्यातलं मोडलेलंही जपा, लपवू नका. जे घडवता, त्याच्या भरवशावर कुणीतरी बसणार असतं.

आजही वरून विमान गेलं की सगुणाबाई विचारतात, "तुजं इमान कवा गो?"

"अजून खूप परीक्षा बाकी आहेत, आये. पहिल्या विमानात तुझ्या शेजारी मीच बसणार."

सगुणाबाई हसतात आणि सुरमई कापायला घेतात. पाट हलत नाही.