विचारून चाललेली वाट

आमच्या गावाला सभ्यपणाचा रोग आहे. इथे ज्याच्या पायावर पाय पडतो, तोच माफी मागतो. हा रोग एक दिवस अंगाशी येणार, असं मी कितीतरी वर्षं सांगत होते. माझं ऐकतो कोण!

आमच्या लिटल हॅडकोमच्या खालच्या आळीतून चर्चला जायला फेनिमोरच्या शेतातून पायवाट आहे. आठ मिनिटांची. म्हातारा एमॉस फेनिमोर वारला, शेत लंडनच्या एका गृहस्थाने घेतलं आणि पहिल्याच आठवड्यात फाटकाला कुलूप लागलं. गाडीरस्त्याने तेच चर्च दोन मैलांवर, त्यात चढ, आणि कडेला पाय ठेवायला जागा नाही. आम्ही कुरकुर केली. एनिडने नाही केली, पण खरा घाव तिच्यावरच बसला होता.

एनिड ट्रस्कॉट माझी शेजारीण, वय ब्याऐंशी. तिचा आर्थर चर्चमागच्या दफनभूमीत आहे. नऊ वर्षं ती रोज दुपारी त्याच्याशी बोलायला जायची. आता रविवारी कुणीतरी गाडीतून न्यायचं. "पण गं मेव्हिस," ती मला म्हणाली, "गाडीवाला खाली ताटकळत असताना नवऱ्याशी काय बोलणार? हवापाण्याचं बोलते आणि परत येते." ती दिवसेंदिवस खंगत चालली होती. ते बघवेना.

गावाचा इतिहास गोळा करणारं आमचं एक मंडळ आहे, त्याची मी चिटणीस. कायदा मला ठाऊक होता. लोक वीस वर्षं एखाद्या वाटेने उघडपणे, मालकाच्या परवानगीवाचून चालत आले असतील, तर ती वाट लोकांची. परवानगी घेतली असेल, तर ती मालकाची मेहेरबानी, आणि नवा मालक ती कधीही बंद करू शकतो. वाट किती वर्षं आणि कशी वापरली, ते लिहून द्यायचे फॉर्म मी घरोघरी वाटले. नियम मात्र मुद्दाम सांगितला नाही. लोकांनी आपल्या मनाने खरं तेच लिहावं, ही माझी शिस्त.

सोळा फॉर्म भरून आले. वाचले आणि कपाळावर हात मारला. सोळाही जणांनी लिहिलं होतं की दर नाताळला आम्ही एमॉसकडे घरचा केक घेऊन जायचो आणि विचारायचो, पुढचं वर्षही वाटेने जाऊ ना?

"अगं, हे काय करून बसलात!" मी एनिडवर ओरडले. "सोळा केक नेऊन आपल्याच पायावर धोंडा मारलात! हा फॉर्म फाड आणि नवा लिही."

"केक नेला नाही असं लिहू?"

"केकचं नावच काढू नकोस!"

"तेवीस वर्षं नेलाय गं. खोटं लिहून मी आर्थरपुढे कोणत्या तोंडाने उभी राहू?"

तिच्यापुढे माझी मात्रा चालली नाही. फॉर्म जसे होते तसे कौंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कचेरीत गेले.

कुलूप लागल्याला दहा महिने झाले, तेव्हा गावच्या सभागृहात चौकशी झाली. लंडनवाल्याच्या वकिलाने सगळे फॉर्म गोड आवाजात वाचून दाखवले. मग कौंटीच्या अधिकाऱ्याने एनिडला पुढे बोलावलं.

"तुम्ही परवानगी मागायचात?"

"हो साहेब. दर नाताळला."

"आणि ते काय म्हणायचे?"

एनिड लाल झाली. "ते आता गेले, साहेब. गेलेल्या माणसाबद्दल कशाला..."

"बाई, मला ते लागेल. त्यांचे शब्द सांगा."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "म्हणायचे, 'बावळट बाई, वाट काय माझ्या बापाची आहे? माझ्या पणज्याच्या आधीपासून लोक चालतायत, त्यांनी कुणाला विचारलं? मी कोण हो म्हणणारा? केक ठेव आणि चालू लाग!'"

मग मागून आमच्या आळीतला रेज हॉलिक उठला. "मलाही तेच म्हणायचा! वर गाढव म्हणायचा!" पाठोपाठ बाकीचेही उठले. एमॉसने सोळाही जणांना दरवर्षी झापलं होतं, आणि एकानेही ते फॉर्मवर लिहिलं नव्हतं. मेलेल्या माणसाची बदनामी कशी करायची! मला हसू आवरेना आणि डोळेही भरून आले. ही माझी माणसं. यांना जीव लावावा नाही तर काय करावं?

"म्हणजे परवानगी त्यांनी कधी दिलीच नाही," अधिकारी म्हणाला. वकील कागद चाळत राहिला.

"नाही दिली, साहेब," एनिड घाईघाईने म्हणाली, "पण मनाने फार चांगले होते हो. तेही लिहा."

चार महिन्यांनी निकाल आला. वाट गावाची ठरली आणि कुलूप निघालं. दुपारी मी एनिडबरोबर फाटकाशी गेले. फाटक सताड उघडं होतं, तरी ती थबकली आणि शेतावरच्या घराकडे बघू लागली.

"मेव्हिस, आधी त्यांना एकदा विचारून येऊ का गं?"

मी तिचा दंड धरला आणि तिला आत ढकललं. आर्थर चौदा महिने वाट बघत होता.