देवघरातला डबा

आमचे भावोजी म्हणजे भारी तयारीचे गृहस्थ. एकावन्न साली मोठ्या हुद्द्यावर बदलून कलकत्त्याला आले, बागबाजारात घर घेतलं आणि ताईनं लाल्या नावाचं कुत्र्याचं पिल्लू पाळलं, तेव्हा यांनी आधी काय केलं असेल? बेलगाछियाच्या गुरांच्या डॉक्टरांकडे जाऊन ‘कुत्र्याच्या पोटात विष गेल्यास’ काय करावं ते लिहून आणलं. कोळशाची पूड, उलटीचं औषध, पाजायची पिचकारी, सगळं एका पत्र्याच्या डब्यात भरलं. वर कागद डकवला. येईल त्या पाहुण्याला त्या डब्याचं दर्शन घडायचं.

डबा ठेवला देवघरातल्या फडताळात. का, तर कुत्रं आणि मोलकरीण दोघांनाही जिथं मज्जाव, अशी घरात तेवढी एकच जागा! ही अक्कल सरकार पगार देऊन वापरतं.

मी बराकपूरला मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि रविवारी सियालदहला उतरून ताईकडे जात होते. ताईला मूलबाळ नव्हतं. लाल्याशी ती दिवसभर बोलत असे, आणि घरात तिचं ऐकून घेणारा तो एकटाच होता. भावोजींच्या आईंचं, म्हणजे माईंचं, सोवळं इतकं कडक की कुत्र्याला शिवलेल्या माणसाची सावलीही त्यांना चालत नसे. मी शाळेत मुलींना असल्या खुळांवर तास तास ऐकवी आणि माईंना मनातल्या मनात हसे.

घाटावरच्या गुदामांतले उंदीर घरात शिरू लागले. भावोजींनी कुचल्याची विषारी पूड घातलेल्या कणकेच्या गोळ्या केल्या, वर चांगला गूळ लावला आणि कोळशाच्या पेटीमागे ठेवल्या. लाल्या तिथंच झोपायचा. हे सगळ्या घराला ठाऊक होतं, गोळ्या ठेवणाऱ्यालाही.

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास लाल्या अर्धी गोळी तोंडात घेऊन बाहेर आला. ताईनं ती हिसकून काढली, पण अर्धी गेलीच होती. थोड्या वेळानं त्याचे पाय ताठ होऊ लागले. ताईनं त्याला मांडीवर घेतलं आणि ती ओरडली, “डबा! डबा आणा!”

भावोजी धावले आणि देवघराच्या उंबऱ्याशी थबकले. त्यांनी नुकतंच लाल्याला उचललं होतं. आत माई जपाला बसलेल्या, मौनात.

“आई, तो डबा जरा सरकव ना.”

माईंनी डोळे न उघडता दोन बोटं दाखवली. दोन माळा बाकी होत्या.

“दोनच राहिल्यात,” भावोजी मला म्हणाले, जणू काही चांगली बातमीच होती. “तोवर मी अंघोळ करून येतो.”

आणि हा माणूस खरोखरच अंघोळीला गेला! नळाला करंगळीएवढी धार होती. बादलीत पाणी पडल्याचा आवाज मला उंबऱ्याशी ऐकू येत होता. फडताळ दोन पावलांवर, त्याला कडीसुद्धा नव्हती. मागून ताई हाक मारत होती, “कालिंदी, अगं डबा!”

मी माईंकडे पाहत राहिले. आत जावं की न जावं, त्या काय म्हणतील, ताईला नंतर किती ऐकून घ्यावं लागेल, असले विचार करत मी तिथंच उभी राहिले. पायात चपलाही नव्हत्या माझ्या.

भावोजी सोवळ्याचा मुकटा नेसून, केस पुसत आले, ओलं फडकं उंबऱ्यावर टाकलं, हात लांब करून डबा काढला आणि झाकणावरचा कागद मोठ्यानं वाचू लागले. तोवर लाल्याचं अंग कमानीसारखं वाकून तसंच राहिलं होतं. पिचकारी त्याच्या दातांत शिरेना. थोड्याच वेळात तो गेला.

“डबा असूनही उपयोग झाला नाही,” भावोजी म्हणाले. “नशीब, दुसरं काय!” आतून माईंचा आवाज आला, मौन संपलं होतं. त्या विचारत होत्या की ओलं फडकं कुणी उंबऱ्यावर टाकलं.

मी भावोजींना नाही नाही ते बोलले. तोंड सुटलंच होतं माझं. कर्मठ म्हटलं, भेकड म्हटलं, शिकून फुकट गेलेला म्हटलं.

ताईनं लाल्याचे डोळे मिटले आणि माझ्याकडे बघितलं.

“पुरे, कालिंदी. ह्यांचं सोवळं मला लग्नापासून माहीत आहे,” ती म्हणाली. “तुझं आज कळलं.”