गेरूचा वाडगा आणि मूठभर मीठ

या मित्रांनो, जरा जवळ या. आधी तो पंखा बंद करा, नाहीतर मी एकाच बाजूने वाळेन आणि तडकेन. कीर्तनात बुवा उभे राहिले की मागची माणसे हळूच पुढे सरकतात ना, तसे सरका. हात मात्र लावू नका, मी अजून ओला आहे. तुम्हाला एका हेव्याची गोष्ट सांगतो. हेवा माझा स्वतःचाच आहे, त्यामुळे वरून मीठमसाला लावण्याची गरज नाही. मीठ पुढे भरपूर येणार आहे.

मी एक जुना मातीचा वाडगा आहे. तुम्ही म्हणाल, समोर तर कुठे वाडगा दिसत नाही! खरे आहे. त्याचा उलगडा शेवटी करीन. बुवासुद्धा आख्यान उत्तररंगासाठी राखून ठेवतात.

माझा जन्म पेणला, दिनानाथकाकांच्या गणपतीच्या कारखान्यात झाला. शाडूची माती तिथे पोत्यांतून येते. ती भिजवून मळायचे काम सगुणाकडे होते. सगुणा धरमतरच्या खाडीकाठची. तिच्या भावाचे मिठागर होते आणि लहानपणापासून तिचे पाय मिठातच वाढले होते. सकाळी वडखळ नाक्यावरून रिक्षात दाटीवाटीने बसून ती पेणला येई. माती मळताना तिचा मोबाइल खिडकीत ठेवलेला असे आणि त्यावर कुणा ना कुणा बुवांचे कीर्तन चालू असे. तिकडे टाळ वाजले की इकडे तिच्या मुठी त्याच ठेक्यात मातीवर पडत. त्यामुळे माझ्या अंगात पाण्याइतकेच कीर्तनही मुरले.

एके दिवशी तिने मोठा गोळा मळला. काकांनी तार ओढून त्याचे दोन भाग केले. मोठा भाग त्यांनी उचलून नेला, त्याचा गणपती झाला. मागे उरलो तो मी. मित्रांनो, माझा हेवा तिथेच सुरू झाला. आम्ही दोघे एका गोळ्यातले, एकाच पाण्यात भिजलेले, आणि त्याला सोंड, कान, चार हात! मी नुसते ढेकूळ.

सगुणाने मात्र मला टाकले नाही. उपड्या पातेल्यावर ओले फडके पसरून तिने मला त्यावर थापले, कड गोल केली आणि बुडाशी अंगठा जरा डावीकडे झुकवून दाबून ठेवला. तो ठसा माझ्या अंगावरची पहिली खूण.

"काय हो सगुणाबाई," काका हसत म्हणाले, "आमच्या गणपतीला भीक मागायला लावता काय? वाडगा कशाला त्याला?"

"त्याला नाय ओ, माझ्या पोरीला. रोह्याला दिलीय ना प्रतिक्षा, तिच्याकडं मोठं टेबल हाय. मधी ठेवायला काय नाय, उघडंबोडकं वाटतं. आनि उरलेली माती टाकून कशी द्यायची? तिला पन वाटतं, आपलं कायतरी व्हावं."

"मातीला वाटतं?"

"वाटतं तर! तुम्ही कवा तिला इचारलंत?"

काका हसत हसत निघून गेले. मी आणि गणपती एकाच फळीवर वाळत पडलो. फळी एक, पण मान वेगळा! त्याचे डोळे आखायचे होते तेव्हा सगळ्या कारखान्याने श्वास रोखला. येणारे-जाणारे दारातूनच त्याला हात जोडत. एका आजीने तर त्याच्यापुढे जास्वंद ठेवले आणि ते ठेवताना तिच्या पिशवीचा धक्का मला बसला. तिने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. त्याच्या मुकुटाला सोनेरी रंग लागला. मला सगुणाने डबीत उरलेला गेरू फासला.

गणपतीच्या कारखान्यात भट्टी नसते. त्यामुळे मी भाजलेला नव्हतो, उन्हात वाळवलेला होतो. मला रोह्याला लेकीच्या हाती देताना सगुणाने बजावले, "यात पानी नको घालू गो. कच्चा हाय. सुकं काय पन ठेव, राजासारखा राहील."

आणि खरोखरच मी राजासारखा राहिलो! प्रतिक्षाच्या टेबलाच्या मधोमध माझी जागा होती. चैत्रात माझ्यात डहाळीसकट कैऱ्या असत, वैशाखात करवंदे. (त्यांचे डाग माझ्या पोटावर शेवटपर्यंत राहिले.) पावसाळ्यात बांधावरचा तेरडा येई. पाणी नसल्याने तो दुपारपर्यंतच टिके, पण तोवर सगळे घर गुलाबी होई. दसऱ्याला झेंडू आणि आपट्याची पाने, भात कापले की सोनेरी लोंब्यांची जुडी. यातले काही विकत आणावे लागत नसे. प्रतिक्षाचा नवरा अमोल कंपनीत शिफ्टवर जाई. तो रात्रपाळीहून आला की चपला काढायच्या आधी माझ्यात डोकावे.

"कंपनीत दिवस-रात्र कळत नाय," तो म्हणे. "ह्या वाडग्यात बघितलं की महिना तरी कळतो."

सगळ्यांत थाट असे तो दिवाळीत. सगुणा भावाच्या मिठागरातले जाडे मीठ पिशवीत बांधून आणायची. ते माझ्यात पसरायची आणि मधोमध पणती ठेवायची. वात पेटली की खडा न् खडा चमके. शेजारचे विचारत, "काय हो, हे कुठून आणलंत?" सगुणा म्हणे, "समुद्रावरनं." ते लोक मीठ पाहत होते, हे मला कळत होते, पण मीठ माझ्या पोटात होते, म्हणून मान मी घेत होतो.

मात्र भाद्रपद आला की माझा पोटशूळ उठे. माझाच भाऊबंद दरवर्षी नवा होऊन पेणहून येई आणि माझ्याच टेबलावर बसे! मला उचलून खिडकीत ठेवत. त्याला मोदक, त्याला दूर्वा, त्याला दोन वेळची आरती. तो पाच दिवस राहतो आणि निघाला की सगळे डोळे पुसतात. मी वर्षभर घरात असतो, माझ्यासाठी कुणी रडले आहे का? खिडकीतून मी त्याला कुंडलिकेकडे जाताना बघे आणि मनात म्हणे, बरे झाले गेलास. पुढच्या वर्षी जरा उशिरा ये.

हा झाला पूर्वरंग. आता मात्र नीट ऐका.

एका दिवाळीनंतर सगुणा आजारी पडली आणि माघात ती गेली. प्रतिक्षा तेराव्यानंतर घरी परतली. टेबलापाशी उभी राहिली. माझ्यात आईने दिवाळीला पसरलेले मीठ तसेच होते आणि पणतीची गोल खूणही. तिने खड्यांत बोटे घातली. त्या वर्षी चैत्र तोंडावर आला तरी माझ्यात कैऱ्या आल्या नाहीत. ती रोज येई, मिठाला हात लावी आणि जाई. मित्रांनो, मला त्या मिठाचासुद्धा हेवा वाटला. अरे, वाडगा मी आहे ना!

गुढीपाडव्याला अमोलची बहीण मृणाली पनवेलहून आली. तिने खोक्यातून एक काचेचे भांडे काढले, पाण्याच्या थेंबासारखे लख्ख.

"वहिनी, यात पाणी घाल आणि वर फुलं सोड. मस्त दिसेल. आणि हे मीठ कधीचं गं? पाडव्याला कुणी मीठ मांडून ठेवतं का? आण इकडे, ओतून टाकते मी."

तिचा हात माझ्या कडेला लागला. प्रतिक्षाने पटकन मला उचलले. "राहू दे मृणाली. मी बघते," एवढेच म्हणाली, आणि मला कपाटावर नेऊन ठेवले. अगदी मागे, भिंतीला टेकून.

तिथून मला टेबल दिसे. काचेत मोगरा तरंगे, सोनचाफा तरंगे. खिडकीतले ऊन त्या पाण्यातून जाऊन भिंतीवर नाचे. येणारा प्रत्येकजण "वा!" म्हणे. मी वर धुळीत जळत होतो. त्याला भट्टीने भाजले, मला नाही. त्याला पाणी चालते, मला नाही. त्याला घरात येऊन चार दिवस झाले आणि माझी अडगळ झाली. एकदा पाणी बदलताना ते प्रतिक्षाच्या हातातून जरासे निसटले, तेव्हा मी आशेने बघत राहिलो. पण तिने ते झेलले.

ती रोज संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर स्टुलावर चढे आणि मिठात बोटे बुडवी. मला वाटे, मिठासाठीच येते.

मग मृग लागला. मीठ काय करते, तुम्हाला ठाऊकच आहे. ते हवेतले पाणी ओढू लागले. आधी खडे ओले झाले, मग माझ्या पोटाशी खारट पाणी साचले. ज्या पाण्यापासून सगुणाने मला जपायला सांगितले होते, ते असे आतूनच आले. माझी कड फुगली, गेरू पापुद्र्यांनी सुटू लागला. मला ओरडता येत नाही. आषाढात एका संध्याकाळी प्रतिक्षाने मला उचलले, तेव्हा माझी अर्धी बाजू तिच्या हातात चिखल होऊन राहिली.

ती स्टुलावरच बसली. "मी पाणी घातलं नव्हतं रे," ती अमोलला म्हणाली. "एक थेंब नाय."

"अगं, मीठ पाणी धरतं पावसात," तो म्हणाला. "तू मिठागरातली पोर. तुला नाय कळलं?"

"कळत होतं." तिने नाक पुसले. "टाकवत नव्हतं. आईनं पसरलेलं होतं ते."

मिठागराच्या घरात वाढलेल्या कुणाकडूनही दुसरी कुठली चूक झाली असती, पण ही नाही. ही फक्त तिच्याकडूनच झाली असती. माझ्या बुडाचा तुकडा तेवढा धड होता आणि त्यावर सगुणाचा अंगठा.

रविवारी अमोलने मोटारसायकल काढली. एका परातीत माझा सगळा चिखल आणि तो तुकडा, वर ओला पंचा. प्रतिक्षाने मला मांडीवर घट्ट धरून रोह्याहून पेणला आणले. काकांनी पंचा उचलला आणि लगेच ओळखले.

"सगुणाबाईंचा वाडगा."

"जोडता येईल का, काका?"

त्यांनी तुकडा जिभेला लावला. "मीठ मुरलंय पोरी. जोडला तरी झडत राहणार. हा अंगठ्याचा तुकडासुद्धा. नायतर भिजवू या. दोन-तीन पाणी बदलली की मीठ निघून जाईल आणि माती चांगली होईल. तुमच्या यंदाच्या गणपतीतच घालतो ती."

"मग अंगठा?"

"तो जाईल."

"आता मीच आईचा अंगठा पुसायचा होय?" ती हळू आवाजात म्हणाली. मग काकांनी काही विचारले नसताना सांगू लागली, "टेबलावर ठेवला असता तर कुणी ना कुणी मीठ ओतून टाकलं असतं. म्हणून कपाटावर जपला. रोज हात लावायची याला. मला वाटायचं, आईच्या हातावर हात ठेवलाय."

याला! मित्रांनो, ती मिठाला म्हणाली नाही, मला म्हणाली. इतके दिवस मी ज्याला अडगळ समजत होतो, ती तिच्या घरातली सगळ्यांत जपलेली जागा होती.

शेजारी सगुणाच्या जागी आता दुसरी बाई माती मळत होती. तिने उरलेला गोळा कोपऱ्यात भिरकावला. प्रतिक्षाने तिकडे पाहिले, उठली, तो गोळा उचलून मातीच्या पिंपात ठेवला.

"टाकू नका ओ," ती म्हणाली. "आई म्हणायची, उरलेल्या मातीला पन वाटतं, आपलं कायतरी व्हावं."

मग तिने माझा चिखल बादलीत सोडला आणि तो तुकडा स्वतःच्या मुठीत धरून पाण्यात हात बुडवला. मी तिच्या तळव्यात मऊ होत गेलो. आधी कड गेली, मग गेरू, मग सगुणाचा अंगठा. शेवटपर्यंत तिने मूठ उघडली नाही.

आता तुम्हाला कळले ना, मी वाडगा का दिसत नाही? तीन पाण्यांनी माझे मीठ गेले. काकांनी मला मळले. माझ्या मनात केवढ्या आशा! सोंड होईन. नाहीतर कान. गेला बाजार हातातला मोदक तरी! काकांनी माझा पाट केला. पाट, मित्रांनो! तोच गणपती माझ्या डोक्यावर बसणार आणि उंदीरही दुसऱ्याच मातीचा, तोही माझ्यावरच! मी थोडा धुसफुसलो, खोटे कशाला बोलू?

तेवढ्यात पुन्हा पेणला आलेल्या प्रतिक्षापुढे काकांनी मला उपडे धरले. "प्रतिक्षा, माती ओली आहे तोवर खालून अंगठा दाब. मूर्ती नीट बसेल."

तिने दाबला. तोच दाब, तोच जरा डावीकडे झुकलेला. मी ओळखला. मग मी चांगला सपाट होऊन राहिलो, वर बसणाऱ्याचा तोल जाऊ नये म्हणून.

चतुर्थीला मी रोह्याच्या टेबलावर परत जाईन. ते काचेचे भांडे माझ्यापुढे ठेवतील, त्यात दूर्वा आणि जास्वंद तरंगेल. त्याच्याकडे बघून मला थोडे जळायला होईलच, सवय आहे. पण यंदा मला खिडकीत ठेवणार नाहीत. पाचव्या दिवशी मी कुंडलिकेत विरेन, तिथून समुद्रात जाईन, आणि भरतीच्या पाण्याबरोबर धरमतरच्या खाडीत शिरलो तर कुणी सांगावे, पुन्हा त्याच मिठागरात पोचेन.

म्हणून जाण्याआधी एवढे मागतो. तुमच्या घरात कुणी हाताने केलेली साधी वस्तू असेल तर तिला काय चालते आणि काय चालत नाही, ते करणाऱ्याला विचारून ठेवा, तो आहे तोवर. आणि यंदा गणपतीला हात जोडाल तेव्हा नजर क्षणभर त्याच्या पायाखाली, पाटावर जाऊ द्या. माझी आठवण काढायची नाही. हो, हे मीच म्हणतो आहे! तिथे एका मिठागरातल्या बाईला आठवा. तिचे नाव सगुणा. तिने उरलेली माती कधी टाकली नाही.