जोतीरामची झडप

बाटलीतलं सार नितळ होतं आणि नेमकं तेच पद्मजाला खुपत होतं.

राजारामपुरीतल्या त्या हृदयाच्या दवाखान्यात जंतूंची तपासणी तिच्याकडं होती. शहाऐंशी साल. मेलेल्या माणसाचं हृदय मागायला गेलं की लोक अंगावर धावून येत. तरी शिरोलीच्या कारखान्यात अपघातात गेलेल्या जोतीरामचं हृदय त्याच्या बापानं, गडहिंग्लजकडच्या आकारामनं, दिलं होतं. त्यातली झडप काढून पद्मजानं अँटिबायोटिकच्या पाण्यात थंड ठेवली. मग कडेचा एक तुकडा मांसाच्या सारात टाकून बाटली उबेला ठेवली. जंतू जिवंत असतील तर सार गढूळ होतं. ते झालं नव्हतं.

वॉर्डात लीलाबाई, शाळेतल्या शिक्षिका, बसूनच झोपत होत्या. आडवं झालं की धाप लागायची. झडप त्यांच्यासाठी होती.

"स्वच्छ आहे ना? मग उद्या बसवू," सर्जन त्र्यंबक म्हणाले.

"नाही. तुकडा आधी धुवायचा असतो, मी विसरले. त्याच्याबरोबर औषधही बाटलीत गेलंय. जंतू मेलेत की औषधानं नुसते दबून बसलेत, हे यावरून कळणार नाही. पुन्हा तपासते."

"तोवर बाई गेल्या तर?"

"तर खापर माझ्या डोक्यावर फोडा. पण ही झडप मी देणार नाही."

चूक स्वतःची, तर माणसानं जरा मऊ बोलावं. पद्मजाचा तो पिंडच नव्हता. तिनं नवा तुकडा साध्या पाण्यात पुन्हा पुन्हा खळबळून धुतला आणि नव्या बाटलीत टाकला. मग सुरू झालं वाट पाहणं. लीलाबाईंचे ओठ निळे पडत चालले. पद्मजा त्यांच्या खाटेजवळून खाली मान घालून जायची. तिला भीती वाटत होती, सरळ भीती.

सार गढूळ झालं. ताक ढवळावं तसं.

आपण बरोबर ठरलो याचा तिला संताप आला. त्र्यंबकांनी बाटली उजेडात धरून पाहिली आणि खाली ठेवली. पद्मजानं झडप जाळून टाकली.

पोराचं कार्य उरकून आकाराम आला. "डाक्टरीणबाई, माझ्या पोराचं कुणाला बसलं?"

"कुणालाच नाही. त्यात जंतू निघाले. मी ती झडप जाळली."

म्हातारा उसळला. "मग काढलासा कशाला? भावकी तोंडावर थुकतिया माझ्या!"

पद्मजानं बाटली त्याच्यापुढं धरली. "हे त्या बाईंच्या रक्तात गेलं असतं."

त्यानं बाटली हातात घेऊन पाहिली. "मग तिचं आता कसं?"

"कुणी दुसरं दिलं तर जगेल. खालच्या मजल्यावर एक जण सकाळी वारला. त्याच्या भावाला विचारलं, त्यानं मला हाकलून दिलं. आता परत जाणार आहे."

"म्या बी येतो."

मयताचा थोरला भाऊ गणपतराव बाकावर बसला होता. पद्मजाला बघताच तो ओरडला, "न्हाय म्हटलं की एकदा! भावाला फाडून काय करता त्याचा भरवसा काय?"

आकाराम त्याच्याशेजारी टेकला. "पावणं, माझं पोरगं गेलं. त्याचं काळीज म्या दिलतं. ह्या बाईनं जाळून टाकलं."

संपलं सगळं, पद्मजाला वाटलं.

"घाण निघाली म्हणून जाळलं," आकाराम म्हणाला. "तशीच बसवली असती तर कुणाला कळणार हुतं? मला म्हणाली असती, तुझं पोरगं कुणाच्या तरी छातीत जित्तं हाय, आन् म्या खुशीत घरला गेलो असतो. तसं न्हाय केलं हिनं. तोंडावर सांगितलं. म्हणून म्हणतो, द्या."

गणपतरावानं पद्मजाकडं पाहिलं. "आन् माझ्या भावाचं बी तसंच निघालं तर?"

"तर तेही जाळीन," पद्मजा म्हणाली.

त्यानं तोंडावरून हात फिरवला.

"मग न्या," तो म्हणाला.