एकोणसत्तरचे टायर

मी एक जुनी, दोन दारांची, आठ सिलिंडरची गाडी आहे. माणसं माझ्यापुढे फोटो काढतात आणि उसासे टाकतात. मित्रांनो, मला त्या उसाशांचा राग येतो. का, ते ऐका.

१९६९ साली मिशिगनमधल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. लेनर्ड ब्रुझेक तिथे वेल्डिंग करायचा. माझ्या तळाचे जोड त्याच्याच हातचे, म्हणून त्याने मलाच विकत घेतलं. तेव्हा मी अशी सुटायचे की सिग्नलवरची पोरं बघत राहायची. मग त्याचं लग्न झालं, मुलगी झाली, कारखाना बंद पडला आणि मी ताडपत्रीखाली गेले. हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ आधीच अंगाला चिकटलं होतं, त्याने माझा पत्रा खाल्ला. उंदरांनी गाद्यांत संसार मांडला. वीस वर्षं कुणी फिरकलं नाही.

बायको वारल्यावर लेनर्डला माझी आठवण झाली. अकरा वर्षं घरच्या गॅरेजात तो माझ्याखाली पाठीवर पडून राबला. पण त्याला मी धडधाकट नको होते, हुबेहूब हवी होते. कारखान्यात घाईत रंगाचा ओघळ आला होता, तर त्याने मुद्दाम ओघळ पाडला. तपासनिसाने मारलेली खडूची फुलीसुद्धा त्याने पुन्हा मारली. आमच्यासारख्या जुन्या गाड्यांच्या स्पर्धांत परीक्षक गुडघे टेकून असलंच बघतात.

त्याची मुलगी टेरी शाळेची बस चालवायची.

"बाबा, डिस्क ब्रेक बसवा. खांद्यावरून जाणारा पट्टा बसवा. सामान मी आणते."

"भोकं पाडायची? गुण जातील."

"आणि माणूस गेलं तर?"

"तू तुझी बस सांभाळ, बाई."

पुढच्या उन्हाळ्यात त्याने कुठल्याशा कोठारातून चार टायर आणले. एकोणसत्तरचे, तारखेच्या शिक्क्यासकट. रबर सुक्या खोबऱ्यासारखं झालेलं. असे टायर फक्त दाखवायचे असतात. गाडी ट्रेलरवरून न्यायची आणि तशीच परत आणायची. लेनर्डला हे पक्कं ठाऊक होतं. त्याने पुठ्ठ्यावर 'चालवू नये' लिहून तो माझ्या स्टिअरिंगला बांधला.

स्पर्धेच्या मैदानात परीक्षक ऑझी पुठ्ठ्याकडे बघून हसला. "लेनी, हा पुठ्ठा कारखान्यातून आला होता काय रे?"

लेनर्डने पुठ्ठा काढून कोटाच्या खिशात घातला. एका गुणासाठी.

आम्हाला पहिला नंबर मिळाला. करंडक हातात आला आणि लेनर्ड छाती धरून खाली बसला. रुग्णवाहिकेला अर्धा तास लागणार होता. लेनर्ड आणि टेरी ज्या ट्रकने मला ओढून घेऊन आले होते, तो गाड्यांच्या रांगेत अडकलेला, मी फाटकाजवळ मोकळी. ऑझीनेच टेरीच्या हातात माझी किल्ली कोंबली. तासाभरापूर्वी त्याच टायरांना त्याने पैकीच्या पैकी गुण दिले होते.

लेनर्डला शब्द फुटत नव्हता. तो सारखा खिशाकडे हात नेत होता.

"बाबा, गोळी आहे का खिशात? थांबा, आता दवाखाना येतोच."

तिसऱ्या मैलावर पुढचा उजवा टायर फाटला. टेरीने ब्रेक दाबला, मला थांबता आलं नाही. मी विजेच्या खांबावर गेले. पट्टा फक्त कमरेचा होता. टेरी स्टिअरिंगवर आदळली.

लेनर्ड वाचला. टेरीचा उजवा कोपर आता सरळ होत नाही. बस चालवायचं काम सुटलं.

आता लेनर्डने माझ्यात डिस्क ब्रेक घातले आहेत, नवे टायर चढवले आहेत. खांद्याच्या पट्ट्यांसाठी स्वतःच्याच जोडांशेजारी भोकं पाडली. ऑझी म्हणाला, "मातेरं केलंस गाडीचं." लेनर्डने त्याला गॅरेजचं दार दाखवलं.

काल टेरी आली. वाकून चारही टायरांवरच्या तारखा वाचल्या. पट्टा तीनदा ओढून बघितला.

"जाऊ या का थोडं? गल्लीच्या टोकापर्यंत," लेनर्डने विचारलं.

"चांगलं काम केलंत, बाबा," ती म्हणाली, आणि चालत घरी गेली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, जरूर जपा. पण मला पुसून चमकवण्याआधी माझ्यात कोण बसणार आहे ते बघा. माझा पत्रा दोन महिन्यांत सरळ झाला. माझं दार अजून तिने उघडलेलं नाही.